आभाळातून उडी आणि आपली पाठ

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि उठता उठता एका ताईंनी हळूच विचारलं, "मॅडम, माझ्या पोरीचं नाव विमानातून उडी मारायच्या शिबिराला गेलंय. पण तिची कंबर दुखते. तिला पाठवू का नको?" बाकीच्या बाया हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "आमची तर एसटीच्या पायरीवरून उतरताना उसण भरते, आणि ही विमानातून उतरणार!" पण हसून झाल्यावर सगळ्याच थांबल्या, कारण पाठ प्रत्येकीची दुखत होती. तेव्हाच ठरलं, की या विषयावर रेडिओवर बोलायचं. त्या मुलीला विचारूनच तिची गोष्ट सांगते आहे. नाव तेवढं सांगत नाही.

मुलगी तालुक्याच्या कॉलेजात शिकते, एनसीसीत आहे. एनसीसीतल्या निवडक मुलामुलींना आग्र्याला हवाई दलाच्या छत्रीसैनिकांच्या शाळेत पॅराशूटची उडी शिकायला पाठवतात. आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या मुलीही तिथं जाऊ शकतात. पैसे भरून हौसेनं मारायची उडी वेगळी. ती महाग, आपल्या महिन्याच्या कमाईच्या पुढे जाणारी. पण खाकी गणवेशातून मिळणारी ही संधी खरी आहे, आणि मुली ती घेताहेत.

बाईनं हे करावं का, असा प्रश्न कुणाच्या मनात असेल तर तो जुना झाला. १९५९ साली हवाई दलातल्या डॉक्टर गीता चंदा यांनी पॅराशूटची उडी घेतली होती. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली, आणि २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उतरल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा बाईचं शरीर हे करू शकतं का, हा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, की पाठ त्यासाठी तयार केली आहे का, आणि ती आधीच दुखत असेल तर ते सांगितलं आहे का.

पाठीला मार कुठं बसतो ते कळायला उडीचे प्रकार आधी समजून घ्यावे लागतील. आग्र्याला नवशिक्यांना जी उडी शिकवतात तिच्यात विमान फार उंच जात नाही. साधारण १२५० फुटांवरून उडी असते. छत्रीची एक दोरी विमानातल्या तारेला अडकवलेली असते. मुलगी दारातून बाहेर पडली की त्या दोरीनं छत्री आपोआप उघडते. तिला काही ओढावं लागत नाही. छातीवर दुसरी, राखीव छत्री असते. मिनिट-सव्वा मिनिटात पाय जमिनीला लागतात.

दुसरी उडी हौशी लोकांची. तिला टँडम म्हणतात. शिकवणाऱ्याच्या पोटाशी नवशिकी पट्ट्यांनी बांधलेली असते, आपण लेकराला झोळीत पोटाशी बांधतो तशीच. १०,००० ते १३,००० फुटांवरून दोघं उडी घेतात, ताशी १९०-२०० किलोमीटर वेगानं खाली येतात आणि साधारण ५,००० फुटांवर छत्री उघडते. पुढं जी एकटीनं उडी मारायला शिकते तिलाही हा मोकळा पडण्याचा भाग शिकावा लागतो.

आता पाठीकडे वळू. आपण म्हणतो "मणक्यात गॅप आला", "गादी सरकली", "नस दबली". हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण आत काय असतं ते फार कमी जणींना दाखवलेलं असतं. मणके म्हणजे एकावर एक रचलेली हाडं. कमरेच्या भागात ५ मणके. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, बाहेरून चिवट आणि आतून लिबलिबीत. धक्का शोषून घेणं हे तिचं काम. मागच्या बाजूनं मज्जारज्जू जातो आणि मणक्यामणक्यातून नसा बाहेर पडून पायांकडे जातात. या सगळ्या उतरंडीला उभं धरतात ते पोटाचे, पाठीचे आणि कुल्ल्यांचे स्नायू. स्नायू जागे असले तर धक्का त्यांच्यावर जातो. ते थकलेले किंवा ढिले असले तर तो गादीवर आणि हाडावर जातो.

ताई मला म्हणाल्या, "माझी पोर लहानपणापासून पाणी आणते, कापूस वेचते, तिची पाठ लोखंडाची आहे." ही समजूत आपल्यात फार घट्ट बसली आहे. पण राबणारी पाठ म्हणजे तयार पाठ नव्हे. खुरपताना, लावणी करताना, कापूस वेचताना आपण तासन्‌तास ओणव्या असतो. त्यात पाठीचे स्नायू ताणलेले राहून थकतात, आणि पोटाच्या व कुल्ल्यांच्या स्नायूंना जोर लावायची वेळच येत नाही. हंड्याचा भार सावकाश येतो. उडीत भार एकदम, एका क्षणात येतो. सावकाश ओझ्याची सवय असलेल्या पाठीला झटक्याची सवय वेगळी करून द्यावी लागते.

उडीत पाठीला त्रास देणाऱ्या जागा सांगते. पहिली जागा जमिनीवरचीच आहे, आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. छत्रीचं ओझं दहा-बारा किलोंच्या पुढे असतं. ते पाठीवर घेऊन नवशिकीला बराच वेळ उभं राहावं लागतं, रांगेत, उन्हात, विमानाची वाट बघत. ते उचलताना कमरेतून वाकून झटक्यानं उचललं तर आभाळात जायच्या आधीच चमक भरते. खाली बसून, ओझं छातीशी ओढून, पायांच्या जोरावर उठायचं. दोन्ही खांद्यांवर सारखं घ्यायचं. उतरल्यावर छत्री गोळा करतानाही तेच. वाऱ्यानं पसरलेलं कापड ओणवं होऊन ओढत बसू नये. गुडघा टेकून जवळ घ्यावं. जे रोज उड्या मारतात आणि आपली छत्री आपणच घडी करतात, त्यांची पाठ आभाळापेक्षा या घडी करण्यानंच जास्त धरते. खाली बसून, पुढं झुकून केलेलं काम ते. गोधडी शिवणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी जागा म्हणजे मोकळं पडताना धरायची कमान. पोट जमिनीकडे, हातपाय फाकलेले, हनुवटी वर आणि कंबर पुढं ढकललेली. अशी कमान धरली की शरीर हवेत उलटत नाही. योगदिनाला आपण शलभासन करतो, त्याच्यासारखंच ते दिसतं. नवशिक्यांना ते जमिनीवर पालथं झोपवून पुन्हा पुन्हा करायला लावतात, आणि दुखणं या सरावातच सुरू होतं. कारण नवीन माणूस कंबर मोडून कमान करतो. कमान कमरेतून नाही, खुब्यातून यायला हवी. कुल्ले घट्ट आवळले की खुबे आपोआप पुढं जातात आणि कमरेवरचा ताण उतरतो. घरी चटईवर करून बघा. कुल्ले ढिले सोडून छाती उचला आणि मग कुल्ले आवळून उचला. फरक लगेच कळेल.

तिसरी जागा छत्री उघडतानाची. ताशी २०० किलोमीटरनं पडणारं शरीर दोन-चार सेकंदांत जवळजवळ बैलगाडीच्या वेगावर येतं. सगळा झटका पट्ट्यांतून मांड्या, कंबर, खांदे आणि मानेवर येतो. म्हणून पट्टे नीट बसलेले असणं हेच इथलं औषध. मांड्यांचे पट्टे अगदी वरपर्यंत, जांघेत बसलेले आणि दोन्हीकडे सारखे घट्ट हवेत. एक ढिला आणि एक घट्ट असला की शरीर वाकडं लटकतं आणि कमरेची एकच बाजू धरते. मुली लाजून मांडीचा पट्टा ढिला ठेवतात. लाजू नये. शिकवणाऱ्याला सांगावं, बाई शिकवणारी असेल तर तिला सांगावं, पण पट्टा घट्ट करून घ्यावा. आणि झटका येताना मान वळवलेली नको. आग्र्याच्या पद्धतीत दारातून बाहेर पडताना हनुवटी छातीला टेकवायची, पाय जुळवायचे आणि हात राखीव छत्रीवर ठेवायचे असतात. मैत्रीण मागून आली का बघायला मान वळवली, की मानेत लचक भरलीच समजा.

आता खरी जागा. आभाळ कुणाची पाठ मोडत नाही, जमीन मोडते. गोल छत्रीनं उतरताना पाय जमिनीला लागतात तो वेग पाच-सहा फुटी भिंतीवरून उडी मारल्यासारखा असतो. त्यात वारा असला तर आडवं ढकलणं आणखी वेगळं. एवढा धक्का ताठ पायांवर घेतला तर तो टाचेतून सरळ कण्यात चढतो. बसक्या अंगानं घेतला तर त्याहून वाईट. नवशिकी घाबरून पाय पुढं करते, ढुंगणावर आपटते, आणि धक्का माकडहाडातून वर जाऊन मणका दाबतो. बरगड्यांचा पिंजरा जिथं संपतो आणि कंबर सुरू होते, तिथले मणके यात जास्त दबतात. वरचा भाग बरगड्यांनी जखडलेला आणि खालचा भाग हलता. म्हणून मार मधल्या सांध्यावर येतो. शेतात नारळाच्या, आंब्याच्या झाडावरून पडलेल्या माणसाचाही हाच मणका बऱ्याचदा जातो.

म्हणून या शाळांमध्ये विमानात चढण्याआधी दिवसच्या दिवस पडायला शिकवतात. हो, उडायला नाही, पडायला. दोन्ही पाय आणि गुडघे एकमेकांना चिकटलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला, हात आत. आधी चवडे टेकतात. मग अंग एका बाजूला सोडायचं, म्हणजे पोटरीची बाहेरची बाजू, मग मांडी, मग कुल्ला, आणि शेवटी पलीकडच्या खांद्यामागची पाठ. धक्का पाच ठिकाणी वाटला जातो. भरलेला हंडा दगडावर बुडाकडून आपटला तर मोठा पोचा येतो, तोच गवताच्या उतारावर गडगडत गेला तर थोडक्यात वाचतो. तसंच हे. पडताना हात मागं टेकायचा नाही, नाहीतर मनगट जातं. आणि खाली जमिनीकडे टक लावून बघायचं नाही. जमीन अंगावर येतेय असं वाटून पाय आपोआप आखडतात. नजर समोर ठेवायची.

चौकोनी छत्रीनं उतरणाऱ्यांना शेवटच्या क्षणी दोन्ही हातांनी दोऱ्या खाली ओढून वेग मारावा लागतो. उंचावर ओढल्या तर छत्रीचा जोर संपतो आणि माणूस धपकन पडतो. उशिरा ओढल्या तर वेग मरत नाही. शिकवणारे वायरलेसवर सांगत असतात, "आता ओढा". तेव्हा आपली अक्कल न लावता तेवढंच ऐकावं. आणि पाठ वाचवायची तर नवशिकीनं उभ्यानं उतरायची हौस धरू नये. पडायला शिकवलंय तसं पडावं. फोटो चांगला येत नाही, एवढंच.

टँडममध्ये उतरताना गुडघे छातीकडे ओढून पाय पुढं सरळ धरायला सांगतात. शिकवणारा पाय टेकतो किंवा दोघं बसून घसरत थांबतात. इथं नवशिकीचे पोटाचे स्नायू कच्चे असले तर पाय खाली पडतात आणि माकडहाडावर किंवा घोट्यावर मार बसतो. साधी परीक्षा आहे. खुर्चीच्या काठावर ताठ बसा, हातानं गुडघे धरून पाय उचला आणि पंधरा आकडे मोजा. तेवढं जमत नसेल तर उडीआधी पोटावर काम करायला हवं.

हे काम कसं करायचं? उडीच्या आधी सहा-आठ आठवडे तरी हाताशी हवेत. पालथं होऊन कोपर आणि चवडे टेकवून अंग फळीसारखं सरळ धरायचं. सुरुवातीला दहा आकडे, मग वाढवत. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, ज्याला सेतुबंधासन म्हणतात. हात आणि गुडघे टेकवून रांगणाऱ्या लेकरासारखं व्हायचं आणि उजवा हात नि डावा पाय एकाच वेळी लांब करायचे, मग उलट. उठाबशा, पण पाठ सरळ ठेवून. रोज थोडं चालणं-पळणं. हे सगळं अर्ध्या तासात होतं. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ओट्याच्या एका पायरीवरून दोन्ही पायांनी खाली उडी मारायचा सराव, आणि त्यातही आवाज ऐकायचा. धप्प असा आवाज आला म्हणजे गुडघे ताठ होते. मांजरासारखा मऊ आवाज येईपर्यंत पायरी वाढवायची नाही. आणि हा सगळा सराव पाठ दुखत नसेल तेव्हाच.

सकाळी उठल्या उठल्या मात्र वाकायचे व्यायाम नकोत. रात्रभर पडून राहिल्यानं मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि तेव्हा वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. तासभर हिंडून-फिरून मग करावं. झाडलोट, सारवण, गोठ्यातलं शेण काढणं ही आपली सगळी ओणवी कामं नेमकी त्याच वेळेची असतात, हेही लक्षात घ्या. लांब दांड्याचा झाडू आणि खुब्यातून वाकायची सवय, एवढ्यानंही बऱ्याच जणींना फरक पडतो.

आता त्या मुलीकडे येते. तिची कंबर तीन महिन्यांपासून दुखत होती. रोज दोन खेपा पाणी, वैरणीचा भारा, एका खांद्यावर दप्तर आणि एसटीत उभ्यानं दीड तास. ती कुणाला बोलली नव्हती. आई म्हणत होती, "सांगितलं तर नाव कापतील." आणि मुलीनं तपासणीच्या दिवशी दुखणं थांबवायची गोळी खाऊन जायचं ठरवलं होतं. मैत्रिणींनो, उडीपेक्षा मला या गोळीची भीती वाटली. गोळीनं दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. वेदना म्हणजे अंगातला वॉचमन. त्याला झोपवून पाच फुटांचा धक्का घ्यायला गेलं तर कमकुवत गादी कधी सरकली ते कळतही नाही. आणि डॉक्टर विचारतात ते नाव कापायला नाही, मुलगी धडधाकट परत यावी म्हणून.

तिला आम्ही आधी जिल्हा रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी पाय सरळ उचलून बघितले, पायांची ताकद बघितली, मणक्यांवर बोटांनी दाबून बघितलं. नस दबल्याची खूण नव्हती. दुखणं स्नायूंचं होतं. तिथल्या व्यायामोपचार तज्ज्ञ ताईंनी साधारण वर सांगितलेलेच व्यायाम लिहून दिले आणि सहा आठवडे डोक्यावरचं ओझं बंद सांगितलं. घरात प्रश्न पडला, पाणी कोण आणणार? घरात एकोणीस वर्षांचा भाऊ आहे. त्यानं आणलं. पाण्याची चव बदलली नाही. सहा आठवड्यांनी मुलीची पाठ मोकळी झाली. तपासणीत तिनं स्वतःहून आधीचं दुखणं सांगितलं आणि कागद दाखवला. तिला पास केलं. पण पास केलं नसतं तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं. उडी पुढच्या वर्षी मारता येते.

काहींनी मात्र उडीचा विचारच करू नये. गरोदर बाई, नुकतीच बाळंत झालेली किंवा पोटाचं ऑपरेशन झालेली, गादी सरकून पायात मुंग्या येणारी, मणक्याचं ऑपरेशन झालेली, आणि पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ झालेली बाई. शंका असेल तर हाडांच्या डॉक्टरांना विचारूनच.

उडी झाल्यावर त्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी अंग दुखणारच. मानेत, खांद्यात, कमरेत, जांघेत, पहिल्या दिवशी ऊस तोडल्यावर दुखतं तसं. ते दोन-चार दिवसांत उतरतं. तेवढ्यात अंथरूण धरून बसू नये. एखादा दिवस विसावा ठीक, पण दिवस दिवस पडून राहिलं की पाठ आणखी आखडते. थोडं थोडं चालावं. उताणं झोपून पाय गुडघ्यात वाकवून लोखंडी पेटीवर किंवा उशांच्या ढिगावर ठेवले की कमरेला आराम पडतो. कुशीवर झोपलं तर दोन गुडघ्यांमध्ये घडी केलेली गोधडी घ्यावी. उठताना सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळावं आणि हातानं रेटून उठावं. शेक चालतो. कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, पंधरा-वीस मिनिटं, कातडी भाजणार नाही अशी. कुणाला थंड बरं वाटतं, तर माठातल्या पाण्याचं फडकं. कमरेचा पट्टा महिनोन्‌महिने बांधून ठेवू नये, स्नायू आळशी होतात. मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या आणून उपाशीपोटी गिळू नयेत. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्या महागात पडतात.

साधी पाठदुखी अशा काळजीनं बहुतेकींची काही आठवड्यांत बरी होते. पण काही खुणा वेगळ्या असतात आणि त्या उडी मारणाऱ्या मुलीइतक्याच तुमच्या-माझ्यासाठीही आहेत. कंबरेतून पायात, पोटरीपर्यंत वीज जावी तशी कळ जाते, पाऊल उचलता येत नाही, चप्पल पायातून निसटते तरी कळत नाही, असं झालं तर डॉक्टरांकडे जायला उशीर नको. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिला नाही, बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात. लाजेनं ही गोष्ट झाकली जाते, आणि मग नस कायमची जाते. आणि पाठदुखीबरोबर रोज संध्याकाळी ताप, वजन उतरणं, रात्री घाम येणं असेल तर तो मणक्याचा क्षयही असू शकतो. आशाताईंना सांगून तपासणी करून घ्या.

शेवटी पडण्याबद्दल. आपटून पडल्यावर एकाच मणक्यावर बोट ठेवलं की कळ येते, खोकलं तरी पाठीत चमकतं, अशी मुलगी चालत असली तरी तिचा एक्स-रे काढायलाच हवा. मणका दबलेला माणूस कधी कधी चालत घरी येतो. "चालतीये ना, मग मोडलं नाही" हे खरं नाही.

आणि गावात कुणी झाडावरून, माळ्यावरून, ट्रॅक्टरवरून पाठीवर पडलं तर काय करायचं? आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायची रीत आहे. साध्या उसणीत कुणी हलका पाय लावला तर माझी तक्रार नाही. पण पडलेल्या माणसाच्या पाठीला पाय, तेल, चोळणं, झटका देणं यांतलं काहीही नको. मोडका मणका हलला तर आतला मज्जारज्जू कापला जातो. त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. दोघांनी हात, दोघांनी पाय धरून झोळीसारखं उचलू नका. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेणं तर बिलकूल नको. आहे तिथंच पडू द्या, डोकं दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी स्थिर धरा, आणि १०८ ला फोन लावा. फोनवर नुसतं "पडलाय" म्हणू नका. "उंचावरून पाठीवर पडलाय" असं सांगा, आणि पायाची बोटं हलतात की नाही तेही सांगा, म्हणजे येणारी गाडी त्या तयारीनं येईल. हलवणं अगदी भागच असेल, म्हणजे आग आहे, पाणी चढतंय, तर दार काढून आणा. चौघी-पाच जणींनी एकदम, डोकं-पाठ-पाय एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसं वळवून त्या दारावर घ्या. एकीनं आकडे म्हणायचे, बाकीच्यांनी तिसऱ्या आकड्याला उचलायचं. पुढच्या गटबैठकीत धडधाकट मैत्रिणीला चटईवर झोपवून एकदा हे करून बघा. पहिल्या वेळी एकसारखं उचललं जात नाही. दोन-तीन वेळा केलं की जमतं.